घरच्या संगणकाचा हजेरीपट



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो मजुरी, बोनस आणि मोर्चा यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. या व्याख्यानमालेच्या चालकांनीही आम्हांला तसाच विषय सुचविला होता. परंतु आम्ही आग्रह धरून निराळाच विषय मागून घेतला. आपल्या घरातल्या संगणकावर एकाच वेळी इतक्या जोडण्या का दिसतात, त्या कोणाच्या असतात आणि त्या वाचायच्या कशा, हा तो विषय होय. आम्ही या शास्त्रातले पंडित नाही. आमची शाळा लवकर सुटली. जे काही शिकलो ते पोत्यांच्या थप्पीला टेकून, लोकांना विचारून आणि शब्दकोश उशाशी घेऊन शिकलो. तरीही हा विषय घेण्याचे कारण असे की, या जोडण्यांच्या अज्ञानापायी आमच्या हातून एक अन्याय घडला, आणि तो आमच्या उभ्या आयुष्याच्या शिकवणुकीविरुद्ध होता. तो प्रथम सांगतो.

आमच्या हमाल-मापारी बांधवांच्या संघटनेचे दफ्तर म्हणजे आमच्याच घरातली एक खोली. तीत एक टेबल, दोन कपाटे आणि एक संगणक. सभासदांची यादी, वर्गणीचा हिशोब, कोण कोणत्या टोळीत, कोणाच्या अपघाताचा दावा कुठवर आला, हे सारे त्या यंत्रात. ते मांडून देण्याचे आणि चालू ठेवण्याचे काम एका तरुण कार्यकर्त्याने अंगावर घेतले होते. तो एका सभासद हमालाचाच मुलगा. रात्री उशिरापर्यंत बसून त्याने वहीतली सारी नावे यंत्रात उतरविली. मोबदला म्हणून चहाखेरीज काही घेतले नाही.

एका वर्षी हमालीच्या दरवाढीची बोलणी चालू होती. शेवटी किती रुपयांवर तडजोड करायची, हा आकडा कार्यकारिणीतल्या सात जणांखेरीज कोणाला ठाऊक नव्हता, आणि यंत्र सांभाळणारा म्हणून या मुलाला. प्रत्यक्ष बैठकीत मात्र समोरच्या मंडळींनी पहिल्या पाच मिनिटांतच तोच आकडा तोंडातून काढला. आमच्या पायाखालची जमीन सरकली. त्या रात्री एका परिचिताने सल्ला दिला की, संगणकावर आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडा आणि 'नेटस्टॅट' एवढाच शब्द टाका. यंत्राला कोण कोण जोडलेले आहे ते दिसेल. आम्ही टाकला. ओळींमागून ओळी खाली उतरू लागल्या. बोट ठेवून मोजल्या, एकसष्ट भरल्या. वर मथळा होता 'फॉरेन अ‍ॅड्रेस'. आमचे इंग्रजी बेतास बात. फॉरेन म्हणजे परदेश एवढेच ठाऊक. एकसष्ट परदेशी पत्ते आमच्या यंत्राशी बोलत आहेत! आम्ही तार उपटली आणि पुन्हा आज्ञा दिली, तरी चार-सहा ओळी जागच्या जागी. तार काढल्यावरही कोणी आत बसलेला आहे, या कल्पनेने त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीची बैठक बोलाविली, त्या मुलाला समोर उभे केले आणि फितुरीचा आरोप ठेवला. तो फारसे बोलला नाही. म्हणाला, "भाऊ, एकेक ओळ कोनाची हाय, ते तरी पाहू द्या." आम्ही पाहू दिले नाही. दफ्तराची किल्ली मागून घेतली आणि त्याला जायला सांगितले. तीस वर्षे ज्याने प्रत्येक मालकाला विचारले की आरोपपत्र कुठे आहे, चौकशी कुठे आहे, कामगाराला आपले म्हणणे मांडू दिलेत काय, त्याच माणसाने हे केले.

तीन आठवड्यांनी आम्ही झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक कागद पुढे केला आणि म्हणाला, "भाऊ, हा तुमचा कागद त्या दिवसापासून इथंच पडून आहे." तो मागणीपत्राचा मसुदा होता. यंत्राच्या काचेखाली आम्हीच तो विसरलो होतो, आणि त्याच्या समासात तडजोडीचा आकडा होता, आमच्याच हस्ताक्षरात. तीन आठवडे तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुकानाच्या फळीवर पडलेला होता.

यानंतर आम्ही ठरविले की, ज्या ओळींवरून एका माणसाला दोषी ठरविले, त्या ओळी आता वाचायच्याच. त्या वाचनातून जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'अनेक जोडण्या' या शब्दांत दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे यंत्रातून बाहेर पडण्याच्या अनेक वाटा, आणि दुसरी म्हणजे एकाच वाटेवरून चाललेली अनेक बोलणी. दोन्ही यादीच्या रूपाने पडद्यावर दिसतात, म्हणून माणूस गोंधळतो.

वाटांचे आधी पाहू. संगणकाच्या नेटवर्कच्या रकान्यात गेलात तर तेथे ईथरनेट म्हणजे तारेची वाट, वाय-फाय म्हणजे बिनतारी वाट आणि ब्लूटूथ अशी नावे दिसतील. मोबाइल तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरले की 'ईथरनेट २' असे नवे नाव उगवते; दुसरा मोबाइल जोडला की आणखी एक आकडा वाढतो. कचेरीच्या कामासाठी व्हीपीएन घातले असेल तर त्याची एक वाट. शिवाय काही वाटा केवळ कल्पित, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःच्या सोयीसाठी यंत्रात उभ्या केलेल्या. त्यांना ना तार, ना खांब. ही नावे पाहून कोणी चोरवाट खणली असे समजण्याचे कारण नाही. आपल्या शेलूबाजारच्या चौकात उभे राहिले तर एक रस्ता अकोल्याला, एक मंगरूळपीरला, एक कारंज्याला, एक मालेगावला जातो. चार रस्ते असणे हा चौकाचा गुण आहे, दोष नव्हे.

येथे पुष्कळांना वाटते की तार आणि वाय-फाय दोन्ही जोडून ठेवले की वेग दुप्पट होईल. तसे होत नाही. आपल्याकडून नागपूरकडे जुना रस्ताही जातो आणि आता समृद्धी महामार्गही आहे. पण एक ट्रक एका वेळी एकाच रस्त्यावर असणार. यंत्र प्रत्येक वाटेला एक खर्च लावते, आणि तो बहुधा त्या वाटेच्या वेगावरून ठरतो. ज्या वाटेचा खर्च कमी, तिच्यावरून ते माल पाठविते. ती वाट तुटली म्हणजे दुसरीकडे वळते. एरवी दुसरी वाट नुसती उघडी राहते. म्हणून न लागणारी वाट बंद ठेवणे बरे. घरातला न वापरातला दरवाजा आपण कडी लावूनच ठेवतो.

आता बोलण्यांकडे वळू. हाच विषयाचा गाभा आहे.

तार एक आणि बोलणी साठ, हे कसे शक्य होते? टेलिफोनवर तर एका तारेवर एकच संभाषण चाले. याचे उत्तर आमच्या हमाल बांधवांना पुस्तकावाचून समजते. बाजार समितीतून एक ट्रक भरून निघतो. त्यात पाच अडत्यांची पोती असतात. कोणाची तूर, कोणाचे सोयाबीन. ट्रक एक, रस्ता एक, पण प्रत्येक पोत्यावर मार्का असतो. मुक्कामी ट्रक खाली होतो तेव्हा मार्का पाहून ज्याचे त्याच्या गाळ्यावर पोते जाते. इंटरनेटवरही असेच होते. तुमचा निरोप लहान लहान पोत्यांत भरला जातो, प्रत्येक पोत्यावर पत्ता आणि गाळा नंबर लिहिला जातो, आणि साऱ्यांची पोती एकाच तारेवरून मिसळून जातात. ही पद्धत व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट काह्न या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७४ साली मांडली. १ जानेवारी १९८३ पासून तिकडचे मोठे जाळे तिच्यावर चालू लागले. आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ती सेवा आपल्या देशातल्या सामान्य ग्राहकाला खुली केली.

पत्ता म्हणजे यंत्राचा आकडी पत्ता. बाजार यार्डाचा पत्ता समजा. गाळा नंबर म्हणजे ज्याला इंग्रजीत पोर्ट म्हणतात तो. पोर्टचा अर्थ बंदर. पण आपल्याकडे समुद्र नाही, तेव्हा गाळाच बरा. एका यंत्रात असे गाळे ६५,५३५ पर्यंत असतात. त्यांतले काही ठरलेल्या धंद्याचे. सुरक्षित संकेतस्थळाचा गाळा ४४३, साध्याचा ८०. नावावरून आकडी पत्ता विचारण्याचा ५३. तुमचे यंत्र जेव्हा बाहेर बोलू लागते तेव्हा ते स्वतःच्या बाजूला एक तात्पुरता गाळा उघडते. आजच्या विंडोजमध्ये तो साधारणतः ४९,१५२ च्या पुढचा असतो. बोलणे संपले की गाळा बंद.

तेव्हा एका बोलण्याची ओळख चार गोष्टींनी पटते. आपला पत्ता, आपला गाळा, समोरचा पत्ता, समोरचा गाळा. या चारांतली एक जरी बदलली तरी ते निराळे बोलणे, आणि यादीत निराळी ओळ. म्हणूनच एकाच ठिकाणाशी सहा ओळी दिसतात. वर्तमानपत्राचे एक पान उघडले तर मजकूर एका ठिकाणाहून येतो, छायाचित्रे दुसऱ्या, जाहिराती तिसऱ्या, आणि किती जणांनी पान पाहिले हे मोजणारा चौथीकडून डोकावतो. पान एक, ओळी वीस-पंचवीस. आणि 'फॉरेन अ‍ॅड्रेस' म्हणजे परदेशी पत्ता नव्हे. फॉरेन म्हणजे येथे पलीकडचा, एवढेच. तो पत्ता शेजारच्या खोलीतल्या छपाई यंत्राचाही असू शकतो. एका शब्दाचा अर्थ कोशात पाहिला असता तर आमची एक रात्र आणि एका मुलाची अब्रू वाचली असती.

तार काढल्यावर राहिलेल्या ओळींचेही रहस्य उलगडले. त्या साऱ्या १२७.०.०.१ या पत्त्याच्या होत्या. हा पत्ता जगातल्या प्रत्येक यंत्रात असतो आणि त्याचा अर्थ 'मी स्वतः'. एकाच यंत्रातले दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात तेव्हा ते या पत्त्यावर बोलतात. माजघरातून स्वयंपाकघरात हाक मारली तर त्याला पोस्टाची गरज नसते. आम्ही घरातली हाक ऐकून चोर शिरला म्हणून ओरडलो.

आता हजेरीपट कसा वाचायचा ते सांगतो. काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट' लिहून पुढे वजा चिन्ह आणि ए, एन, ओ ही तीन इंग्रजी अक्षरे टाकावीत. पाच रकाने दिसतील. पहिल्यात बोलण्याची रीत, दुसऱ्यात आपला पत्ता व गाळा, तिसऱ्यात पलीकडचा, चौथ्यात अवस्था आणि पाचव्यात एक आकडा. हा पाचवा आकडा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. तो त्या बोलण्याच्या मुकादमाचा नंबर होय. ज्या प्रोग्रॅमने ती जोडणी उघडली त्याचा तो क्रमांक. टास्क मॅनेजरमध्ये त्याच क्रमांकापुढे प्रोग्रॅमचे नाव मिळते. रिसोर्स मॉनिटर नावाच्या खिडकीत तर नाव आणि जोडणी एकत्रच दिसतात. हमाल कोणाच्या टोळीतला हे कळले की निम्मी चौकशी झाली.

अवस्थेच्या रकान्यात चार शब्द वरचेवर येतात. 'लिसनिंग' म्हणजे कोणी गाळा उघडून गिऱ्हाइकाची वाट पाहत बसला आहे. बोलणे अजून नाही. 'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे बोलणे चालू आहे. 'टाइम-वेट' म्हणजे बोलणे संपले, पण मागाहून एखादे चुकलेले पोते आले तर गोंधळ नको म्हणून यंत्राने नोंद थोडा वेळ ठेवली आहे. विंडोजमध्ये तेथे मुकादमाचा नंबर शून्य दिसतो. 'क्लोज-वेट' म्हणजे समोरच्याने निरोप घेतला, पण आपल्या प्रोग्रॅमने अजून दार लोटलेले नाही. यूडीपी नावाच्या रीतीच्या ओळीला अवस्थाच नसते आणि पलीकडच्या पत्त्याच्या जागी नुसत्या तारका असतात. कारण त्या रीतीत आधी हातमिळवणी न करताच माल धाडला जातो.

आम्ही एक प्रयोग केला, तो आपणही करावा. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, काहीही उघडले नाही आणि हजेरी घेतली. मग ब्राउझर उघडून एक पान पाहिले, पुन्हा हजेरी. मग टपाल उघडले, पुन्हा हजेरी. प्रत्येक वेळी कोणत्या ओळी वाढल्या ते वहीत लिहिले. दहा-बारा दिवसांत ओळी ओळखीच्या झाल्या. ही यंत्र तयार करणाऱ्या कंपनीची सुधारणा आणणारी, ही विषाणूरोधक प्रोग्रॅमची, ही घड्याळ जुळविणारी, ही फोटो साठवून ठेवणाऱ्या सेवेची. 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव पुष्कळदा येते. ते विंडोजच्या अनेक अंतर्गत सेवांचे सामाईक नाव आहे. त्याच नावाचा बुरखा लबाड प्रोग्रॅमही घेतात, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर उजवे बटण दाबून त्याची फाइल कोठे आहे ते पाहावे. ती विंडोजच्या 'सिस्टिम ३२' या घरातली असावी. भलत्याच जागची निघाली तर चौकशीला कारण आहे.

कोणी विचारील, पण इतके गाळे उघडे ऐकत बसलेले, मग बाहेरचा कोणीही येऊन बोलणार नाही काय? येथे राउटरचे काम येते. इंटरनेटचे जुने आकडी पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाची यंत्रे त्याहून अधिक. म्हणून घराला बाहेर एकच पत्ता मिळतो, आणि घरातल्या यंत्रांना १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होणारे खाजगी पत्ते. राउटर दारात बसून आवक-जावक वही ठेवतो. आतून कोणी निरोप पाठविला की जावक नोंद होते. त्याचे उत्तर आले की नोंद पाहून आत सोडतो. नोंद नसलेले पोते दारातूनच परत जाते. नव्या पद्धतीच्या लांबलचक पत्त्यांत मात्र प्रत्येक यंत्राला स्वतःचा बाहेरचा पत्ता मिळू शकतो. तेथे ही राखण फायरवॉल नावाच्या पहारेकऱ्याला करावी लागते. तो बंद करू नये.

आपण म्हणाल, म्हणजे सारे आलबेल आहे तर! तसे नाही. येथे आम्ही आपल्याला आपल्याच राज्याच्या किनाऱ्यावर, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात नेतो. २७ जून २०१७ रोजी त्या बंदरातल्या एका टर्मिनलचे काम अचानक खोळंबले. ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहाकडून चालविले जाते. संगणक बंद पडल्यामुळे कोणता कंटेनर कोणाचा, तो कोणत्या ट्रकवर जायचा, हे यंत्राला सांगता येईना. लोकांवर हाताने काम करण्याची पाळी आली. मार्का पुसलेल्या पोत्यांची कल्पना करा, म्हणजे तेथल्या कामगारांची अवस्था ध्यानी येईल. त्या दिवशी केवळ न्हावा-शेवा नव्हे, तर जगभरची बंदरे आणि कारखाने 'नॉटपेट्या' नावाच्या एका विध्वंसक प्रोग्रॅमने ठप्प झाले होते. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने मांडावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे २०१८ च्या जानेवारीत जाहीरपणे सांगितले.

तो आत कसा आला, हे मुद्दाम ऐकण्यासारखे आहे. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरला जाणारा हिशोबाचा एक प्रोग्रॅम होता. त्याच्या सुधारणा वाटणारा सर्व्हर हल्लेखोरांनी आधीच हाती घेतला आणि सुधारणेच्या पुडीत विष भरले. ज्या यंत्रावर हा प्रोग्रॅम होता, त्याने नेहमीप्रमाणे स्वतःहून सुधारणा मागितली. म्हणजे आमच्या हजेरीपटात ती ओळ दिसली असती तर कशी दिसली असती? ओळखीचा मुकादम, ओळखीचा पत्ता, बोलणे चालू. संशयाला जागा नाही. आत शिरल्यावर तो घरातल्या घरात एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला. फायली वाटून घेण्याचा जो गाळा आहे, ४४५ नंबरचा, त्यातली एक जुनी भेग त्याने वापरली. तिच्यावरचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिले होते. शिवाय यंत्राच्या स्मृतीतले परवलीचे शब्द चोरून ठिगळ लावलेल्या यंत्रांतही तो शिरला.

यावरून आम्ही दोन बोध घेतले. एकसष्ट ओळी दिसल्या म्हणून चोर आहे असे ठरत नाही; आणि साऱ्या ओळी ओळखीच्या आहेत म्हणून चोर नाही असेही ठरत नाही. ओळी मोजून काही कळत नाही. हा प्रोग्रॅम येथे कशासाठी आहे, त्याला कोणी ठेवले, आज त्याची गरज आहे काय, हे विचारावे लागते. गरज नसेल तर तो काढून टाकावा. जितके मुकादम कमी तितकी हजेरी सोपी. सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्या. नॉटपेट्याची गोष्ट ऐकून त्या थांबविणे म्हणजे एकाला दवाखान्यात रोग लागला म्हणून औषधच सोडण्यासारखे होईल. महत्त्वाच्या याद्यांची एक प्रत यंत्राला कायम न जोडलेल्या डबीत ठेवावी. राउटरबरोबर आलेला परवलीचा शब्द बदलावा.

घरगुती माणसाला खरा धोका कोठून येतो, तेही सांगून ठेवतो. फोन येतो, बँकेचा माणूस, वीज कचेरीचा माणूस, कधी पोलीस म्हणून. तो गोड बोलून किंवा दरडावून तुमच्याच हातून एक अ‍ॅप घालायला लावतो, ज्याने तुमचा पडदा त्याला दिसतो. रिझर्व्ह बँकेने अशा अ‍ॅपांबद्दल २०१९ च्या फेब्रुवारीतच इशारा दिला होता. ध्यानात घ्या, येथे कोणी दार फोडीत नाही. जोडणी आतून बाहेर जाते, तुमच्या संमतीने. राउटरच्या वहीत ती रीतसर जावक म्हणून नोंदली जाते, आणि त्या नोंदीच्या आधारे लुटारू आत येतो. असे घडत आहे असे वाटले तर त्या क्षणी तार काढावी, वाय-फाय बंद करावे, पैसे गेले असतील तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. तेथे हजेरी वाचत बसू नये.

या ठिकाणी आपण आम्हांला अडवू शकता. तार काढणे योग्य, तर त्या रात्री तुम्ही तार काढली त्यात चूक ती कोणती? चूक तार काढण्यात नव्हतीच. कामगार कायद्यात निलंबन आणि बडतर्फी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवणे म्हणजे निलंबन. ती शिक्षा नव्हे. गुन्हा शाबीत झाल्यावर काढून टाकणे म्हणजे बडतर्फी. तार काढणे हे यंत्राचे निलंबन होते, आणि ते करण्याचा आम्हांला अधिकार होता. पण चौकशीचा दिवस उगवण्यापूर्वीच आम्ही माणूस बडतर्फ केला. जी यादी वाचता येत नव्हती तिलाच पुरावा मानले, आणि जो एकटा ती वाचू शकत होता त्याचीच साक्ष नाकारली.

आज हा प्रश्न आमच्या एकट्याच्या दफ्तराचा राहिलेला नाही. यंत्राने असे दाखविले, सर्व्हरने तसे नोंदविले, एवढ्यावरून माणसाची हजेरी कापली जाते, शिधा अडतो, खाते गोठते. पडद्यावर दिसते ते खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. पण त्याचा अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावणाराला वाचता यावे लागते. आमच्या आजोबांच्या पिढीला सावकाराची वही वाचता येत नव्हती, म्हणून अंगठा उठविण्यावाचून त्यांच्या हाती काही नव्हते. ही नवी वही वाचायला आपण शिकलो नाही तर आपला अंगठा पुन्हा दुसऱ्याच्याच हाती जाईल.

त्या मुलाचे काय झाले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. ज्या कार्यकारिणीपुढे त्याच्यावर आरोप ठेवला होता, तिच्याच पुढे आम्ही आमची चूक वाचून दाखविली आणि ती इतिवृत्तात नोंदवून घेतली. मग त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याने ती दिली. त्याच्या आईने चहा केला. किल्ली पुढे केली तेव्हा मात्र त्याने हात मागे घेतला; आता तो दुसऱ्या गावी नोकरीला आहे. परंतु जाण्यापूर्वी एका संध्याकाळी तो दफ्तरात येऊन बसला आणि त्याने आमच्या वहीतल्या ओळी तपासल्या. दोन ठिकाणी आम्ही मुकादमाचे नाव चुकीचे लिहिले होते. ते त्याने दुरुस्त केले. ती वही आम्ही आज बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी. आणि घरी गेल्यावर आपल्या यंत्राची एक हजेरी घ्यावी. ओळी पुष्कळ दिसतील. घाबरू नये, एकेक ओळ कोणाची आहे ते पाहावे.